नऊ फुटांचा सेरियस आणि नागपूरची काळी माती

गच्चीवर १६ इंची सिमेंटच्या कुंडीतला सेरियस, म्हणजे खांबासारखा उभा वाढणारा कॅक्टस, ९ फुटांवर गेला की त्याला तिथंच ठेवणं धोक्याचं असतं. पाच इंच जाडीचं खोड फुटाला अडीच-तीन किलो भरतं. म्हणजे नुसतं झाड २५ किलोंच्या आसपास, आणि त्याचा सगळा तोल एका कुंडीवर. पावसाच्या तोंडावर नागपुरात जी धुळीची वादळं येतात, त्यांत अशी कुंडी हमखास आडवी होते. म्हणून हे झाड कापून अंगणात लावायचं ठरलं. फेब्रुवारीत हाती घेतलेलं काम पुढच्या फेब्रुवारीत संपलं. त्या वर्षात काय केलं, का केलं आणि कुठं बिघडलं, ते इथं क्रमानं लिहितो.

आधी एक सांगायला हवं. नागपूरच्या उन्हाची लोकांना भीती वाटते, पण उभे कॅक्टस इथं उन्हानं क्वचितच मरतात. मुळाशी थांबलेलं पाणी त्यांना मारतं. आपल्याकडं वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यात खाली काळी माती. ती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाण्याला खाली जायला वाटच उरत नाही. या वर्षभरात केलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या एका अडचणीवरचा उपाय आहे.

चार-पाच फुटांपर्यंतचं झाड कुंडी फोडून मुळांसकट हलवता येतं. त्यापुढं नाही. उंच झाड मुळांच्या छोट्याशा गोळ्यावर उभं राहत नाही, थोडं हललं तरी मुळं तुटतात आणि तुटलेल्या मुळांतून कूज शिरते. कापून नव्यानं मुळं धरवणं दिसायला क्रूर, पण जास्त सुरक्षित.

कापायला नागपुरात फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा सगळ्यात चांगला. थंडी गेलेली असते, पारा अजून चाळिशीला टेकलेला नसतो आणि हवा कोरडी झालेली असते, त्यामुळं जखम भरभर वाळते. अवकाळी पावसाचा किंवा गारपिटीचा अंदाज असेल तर आठवडाभर थांबावं. कापण्याआधी पंधरा दिवस पाणी बंद. झाड किंचित आक्रसलं की चीर स्वच्छ येते आणि वजनही थोडं कमी होतं.

खुणा करणं फार महत्त्वाचं, आणि ते कापण्याच्या आधीच. खोडावरच्या उभ्या कडांपैकी दक्षिणेकडची कड कायमच्या शाईच्या पेननं वरपासून खालपर्यंत तीन ठिकाणी खुणावली. पुन्हा लावताना तीच कड दक्षिणेला यायला हवी. उत्तरेच्या बाजूची साल वर्षातला बराच काळ थेट ऊन न पाहता वाढलेली असते. तीच चुकून दक्षिण-पश्चिमेला फिरवली तर एप्रिलच्या आठ दिवसांत भाजते. आधी पिवळट-पांढरी, कागदासारखी होते, मग तपकिरी खपली धरते, आणि तो डाग झाड असेपर्यंत जात नाही. प्रत्येक तुकड्यावर वर जाणारा बाणही काढला. दोन्हीकडून सपाट कापलेल्या मधल्या तुकड्याचं खाली-वर नंतर कळत नाही, आणि उलटा लावलेला तुकडा नीट वाढत नाही.

कापायला सुताराची बारीक दातांची करवत वापरली. प्रत्येक चिरेआधी पातं स्पिरिटनं पुसायचं. झाड धरायला गोणपाटाच्या दोन घड्या, तीन माणसं आणि कातडी हातमोजे. वरून खाली यायचं: आधी शेंड्याचा पाच फुटांचा तुकडा, मग मधला दोन फुटांचा, आणि दोन फुटांचा बुंधा कुंडीतच. शेंड्याच्या खाली आणि चिरेच्या वर गोणपाटाचा पट्टा गुंडाळून एकानं भार घ्यायचा, दुसऱ्यानं करवत चालवायची. भार घेतला नाही तर शेवटच्या इंचात खोड वाकतं आणि साल उभी फाटत जाते.

पहिली चीर पडली की घाई करू नका, तो काप नीट पाहा. बाहेर हिरवी साल, आत ओलसर फिकट हिरवा गर, मध्ये नाण्याएवढी गोल रेषा आणि तिच्या आत पांढरा मऊ गाभा. ती गोल रेषा म्हणजे झाडाच्या नळ्यांचं कडं. सगळा निकाल त्या कड्यावर असतो. ते पूर्ण फिकट असेल तर झाड निरोगी. त्यात नारिंगी किंवा तपकिरी ठिपका दिसला, अगदी सुईच्या टोकाएवढा, तरी कूज तिथपर्यंत पोचलेली आहे असं समजायचं. मग करवत पुसून दोन इंच वर पुन्हा कापायचं, आणि डाग संपेपर्यंत कापत राहायचं. इथं दया दाखवली की पुढं पूर्ण तुकडा जातो.

आमच्या शेंड्याचा काप स्वच्छ निघाला. त्याची कड चाकूनं सगळीकडून इंचभर तिरकी तासली, पेन्सिलीला टोक काढतात तशी, पण बोथट. हे तासणं अनेक जण वगळतात. गर वाळताना आत ओढला जातो, मधलं कडं मात्र टणक असल्यानं जागेवर राहतं; कड तासली नाही तर साल आत वळून वाटीसारखा आकार होतो आणि त्या वाटीत ओल साठते. मुळं त्या कड्याभोवतीच फुटतात, म्हणून कडंच सगळ्यात खाली असायला हवं. मग कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब ही दोन बुरशीनाशकं एकत्र असलेली पावडर कोरडीच लावली, तोंडाला रुमाल बांधून. हळद बोटाएवढ्या कापाला चालते. पाच इंचांच्या जखमेवर मी तिच्यावर विसंबणार नाही.

बुंध्याचा वरचा काप मुद्दाम तिरका घेतला, म्हणजे पावसाचं पाणी त्यावर थांबणार नाही, आणि त्याला बोर्डो मलम फासलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी या प्रमाणात ते करतात. संत्र्याच्या बागायतदारांच्या घरी ते असतंच, कारण संत्र्याच्या बुंध्याला होणारा डिंक्याही साचलेल्या पाण्यातल्या बुरशीनंच होतो. म्हणूनच ते झाडं वरंब्यावर, गादीवाफ्यावर लावा असं सांगतात. उभ्या कॅक्टसला तोच सल्ला जसाच्या तसा लागू पडतो.

तुकडे सावलीत उभे करून वाळवायचे, आडवे नाही. आडवं ठेवलेलं खोड जमिनीकडच्या कडेनं मुळं सोडतं आणि शेंडा वर वळतो. मग ते झाड कधी सरळ उभं राहत नाही. फळांच्या लाकडी पेटीवर तुकडा उभा ठेवला, खाली हवा खेळती राहिली. इथं आमची एक चूक झाली. मधला तुकडा व्हरांड्यात होता आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिथला कुलर सुरू झाला. कुलरची हवा गार असते, पण ओली. आठ दिवसांत कापाला आंबूस वास येऊ लागला आणि कडेला पाणी सुटलं. चार इंच कापून टाकावे लागले आणि वाळवण पुन्हा पहिल्यापासून. नागपूरच्या घरात कुलरचा झोत जिथवर पोचतो, तिथं ओली जखम ठेवू नये.

शेंड्याला पूर्ण वाळायला २४ दिवस लागले. ओळख सोपी आहे: काप शिळ्या भाकरीसारखा कडक लागतो, अंगठ्यानं दाबला तर दबत नाही आणि कसलाही वास येत नाही. बोटभर जाडीच्या फांदीला आठवडा पुरतो, या जाडीला तीन ते चार आठवडे. घाई केली तर मागचं सगळं फुकट.

त्या तीन आठवड्यांत जागा तयार केली, आणि सगळ्यात जास्त विचार तिथं लागला. सरधोपट पद्धत अशी की दोन-तीन फुटांचा खड्डा खणायचा, तळाला गिट्टी टाकायची, वर रेती-मातीचं मिश्रण भरायचं. काळ्या मातीत हा खड्डा म्हणजे विहीर होते. चारी बाजूंची माती पाणी सोडत नाही आणि आजूबाजूचं पाणी सैल मिश्रणात येऊन थांबतं. गिट्टी कितीही टाका, पाण्याला पुढं जायला रस्ता नसेल तर ती गिट्टीही पाण्यातच बुडून राहते. म्हणून खणायचंच नाही. जमिनीची वरची दोन-तीन इंच माती कुदळीनं खरवडली, गाजरगवत आणि लव्हाळ्याच्या गाठी काढल्या आणि त्यावर उंचवटा बांधला: तळाला सहा फूट रुंद, माथ्यावर तीन फूट, उंची दीड फूट. याला साधारण २५ घनफूट, म्हणजे पाव ब्रास माल लागतो. दबून तो दोन-तीन इंच बसतो, म्हणून थोडा जास्तच आणावा.

मिश्रण असं: चार भाग मुरूम, तीन भाग जाड रेती, दोन भाग भाजलेल्या लाल विटांचे तुकडे, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. प्रत्येक वस्तूत एक मेख आहे. मुरूम ट्रॉलीतून येतो तसा वापरला तर त्यातली बारीक माती पहिल्याच पावसात खाली बसून थर धरते. तो पाच मिलिमीटरच्या चाळणीनं चाळून वर उरतो तेवढाच घ्यायचा. यात ट्रॉलीतला बराच माल बाद होतो, ते धरूनच मागवावा. रेती कन्हान नदीची असो की आणखी कुठली, गिलाव्याची बारीक रेती नको. ती ओली झाली की सिमेंटसारखी घट्ट बसते. तीही चाळून जाड कण घ्यायचे. विटा पक्क्या भाजलेल्या हव्यात. कच्च्या विटेचा पावसात चिखल होतो. आपल्याकडं वीजकेंद्रांच्या राखेच्या करड्या विटा सहज मिळतात, त्या नको. त्यांत चुना किंवा सिमेंट असतं, त्यानं मातीचा सामू (पीएच) चढतो. बांधकामाचा मलबाही याच कारणानं टाळायचा. हाडांचा चुरा घालू नका, रात्री कुत्री उंचवटा उकरतात. त्याऐवजी आम्ही सिंगल सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचं खत अर्धा किलो मिसळलं.

मिश्रण बरोबर आहे की नाही, हे कुंडीत पाहायचं. दहा इंची कुंडी भरून एकदा चांगली भिजवली, मग वरून लिटरभर पाणी ओतलं. अर्ध्या मिनिटात खालून धार लागायला हवी. पहिल्या वेळी, न चाळलेल्या मुरमावर, पाणी दोन मिनिटं वरच थांबलं होतं. तोच मुरूम चाळल्यावर ओतता ओतता उतरलं.

मार्चच्या शेवटी शेंडा लावला. जमिनीत फक्त पाच इंच. खोल पुरलं तर घट्ट उभं राहील असं वाटतं, पण जितकं खोड मातीत तितकी कुजायला जागा. उभं ठेवायचं काम बांबूंचं. सात फुटांचे तीन बांबू उंचवट्याच्या बाहेर दीड फूट खोल रोवले, सारख्या अंतरावर, आणि दोन उंचींवर सायकलच्या जुन्या ट्यूबनं खोड बांधलं. आधी तात्पुरती नायलॉनची दोरी लावली होती. दोनच दिवसांत तिनं एका कडेला काचलं. बांधून झाल्यावर हातानं हलवून पाहिलं, अजिबात हलायला नको. नवी मुळं दोऱ्यासारखी असतात, खोड डुलत राहिलं तर ती तुटतात आणि झाड महिनोन्महिने मूळ धरत नाही.

लावल्यावर दहा दिवस थेंबभरही पाणी नाही. अकराव्या दिवशी, संध्याकाळी, खोडापासून वीतभर अंतरावर गोलाकार दोन लिटर. मग पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढंच. मूळ धरलं का हे पाहायला झाड उपटून बघायचा मोह होतो, तो आवरावा. शेंडा पाहा. आमच्या झाडाला मेच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे लावल्यापासून पाच आठवड्यांनी, टोकाला पोपटी हिरवी चकाकी आली आणि काटे जिथून फुटतात त्या लोकरीच्या गाद्यांतून नवे काटे निघाले, ओलसर तपकिरी, काचेसारखे. खालचे जुने काटे राखाडी आणि निस्तेज असतात, त्यामुळं फरक लगेच दिसतो. त्याच सुमाराला कडांमधल्या खोल घळी थोड्या भरल्या. भात्यासारखं आहे हे खोड: तहानलं की घळी खोल, पाणी मिळालं की उथळ. पाणी कधी द्यायचं, हे घळीच सांगतात.

मे महिना वेगळा समजून घ्यायला हवा. कॅक्टस आपली छिद्रं रात्री उघडतो, गारव्यात. नागपुरात मे महिन्यात रात्रीचा पारा तिशीच्या आसपास राहतो, तेव्हा छिद्रं फारशी उघडत नाहीत आणि झाड थांबतं. पाहणाऱ्याला वाटतं, ऊन फार आहे, पाणी वाढवू. पण थांबलेलं झाड पाणी घेत नाही, आणि गरम ओल्या मातीत मुळं शिजतात. म्हणून नवतपात पाणी बारा-पंधरा दिवसांतून एकदाच, पहाटे. गच्चीवरच्या टाकीचं किंवा उन्हात पडलेल्या पाइपाचं पाणी थेट देऊ नका, ते हाताला चटका देतं. रात्रभर सावलीत ठेवलेल्या बादलीतलं द्या. बोअरचं पाणी टाळता आलं तर टाळा, त्यातल्या क्षारांचा पांढरा थर बुंध्याशी धरतो.

पश्चिमेच्या बाजूला ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी लावली, एप्रिलच्या मध्यापासून. ७५ टक्क्यांची नको. तिच्याखाली नवी वाढ बारीक होते, खोडाला मान पडते आणि पुढं वादळात झाड नेमकं त्या मानेतच मोडतं. आणखी एक स्थानिक बारकावा: मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत नागपुरात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. वर्षभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या सालीवर तेव्हा ऊन येतं. जाळी थोडी त्या बाजूलाही वळवून घेतली. मृगाचे ढग स्थिरावल्यावर जूनअखेर ती काढली, ढगाळ दिवस पाहून.

पाऊस लागण्याआधी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक तीन ग्रॅम लिटरला, पूर्ण खोडावर आणि बुंध्याभोवती. पुढं उघडीप मिळेल तशी तीन-चार आठवड्यांनी. पावसाळ्यात खत नाही, नत्र तर मुळीच नाही. मऊ वाढ फाटते. रोज बुंध्याशी वाकून पाहणं एवढंच काम. मातीच्या रेषेवर पिवळट, पाणी धरल्यासारखा डाग दिसला आणि बोटाला मऊ लागला, तर औषधानं ते बरं होत नाही. त्या दिवशीच वरून, निरोगी भागात कापायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. आमच्या उंचवट्यावर तशी वेळ आली नाही. ऑगस्टमध्ये तीन दिवस झडी लागली, अंगणात घोट्याइतकं पाणी होतं, उंचवट्याचा माथा मात्र पाऊस थांबल्यावर दोन तासांत वरून सुकला. त्या पावसाळ्यात झाड सात इंच वाढलं.

तण हातानंच उपटा. कॅक्टसचं खोड हिरवं असतं, म्हणजे ते पानाचंच काम करतं. त्यावर उडालेलं तणनाशक ते शोषून घेतं. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर वर पिठ्या ढेकूण शोधा. थोडे असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसा, फार असतील तर इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे कीटकनाशक, अर्धा मिली लिटरला, फुलं नसताना.

कुंडीतल्या बुंध्याला वरच्या गाद्यांतून नऊ आठवड्यांनी पाच कोंब फुटले. अंगठ्याएवढे झाल्यावर दोन ठेवून बाकीचे पिळून काढले. पाचही ठेवले तर एकमेकांना ढकलत तिरके वाढतात.

हीच पद्धत सगळ्या उभ्या जातींना चालत नाही. मायर्टिलोकॅक्टसला चालते. निळ्या पिलोसोसेरियसला उंचवटा चालतो, पण दहा अंशांखालच्या थंडीत ओला राहिला तर अंगावर तपकिरी ठिपके येतात, आणि त्याच्यावर नीम तेल कधीही फवारू नका. निळा रंग सालीचा नसून वरच्या मेणाचा असतो, तेलानं तो निघून जातो. क्लिस्टोकॅक्टस आणि पांढऱ्या केसांचा सेफॅलोसेरियस पावसात छपराखालीच हवेत, केसांत ओल अडकते. सग्वारो बियांपासून लावायची अनेकांना हौस असते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, त्याच्या मूळ घरी, पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम एक-दीड इंच वाढतो, आणि तिथल्या टूसॉनला वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्या आसपास. नागपुरात तो कुंडीत, छपराखाली आणि फार धीरानं वाढवायचा. आणि कापल्यावर पांढरा चीक निघाला तर ते झाड कॅक्टस नाहीच, कॅक्टससारखं दिसणारं थोराचं झाड आहे. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, काप पाण्यानं धुऊन मगच वाळवा.

सेरियसची फुलं रात्री उमलतात आणि ऊन चढता चढता मिटतात. फळ धरायचं असेल तर एक अडचण आहे: याला स्वतःचा पराग चालत नाही, आणि एकाच गल्लीतली झाडं बहुधा एकाच मूळ झाडाच्या फांद्या असतात. दुसऱ्या वस्तीतल्या, वेगळ्या बियांवरून आलेल्या झाडाचा पराग रात्री दहाच्या सुमाराला ब्रशनं लावावा लागतो.

सप्टेंबरअखेर एकदाच खत दिलं, संत्रावाले वापरतात ते ०:५२:३४ (नत्र नाही, स्फुरद ५२ आणि पालाश ३४ टक्के), एक ग्रॅम लिटरला, पाच लिटर द्रावण. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत पाणी पूर्ण बंद. कोरडा सेरियस नागपूरची थंडी सहज काढतो; ओल्या मुळांना ती झेपत नाही. घळी खोल झाल्या, रंग थोडा फिका पडला, ते अपेक्षितच होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहिलं पाणी, तीन लिटर. आठ दिवसांत घळी भरल्या. मग खालचा बांध सोडून बुंधा हातानं हलवला, माती जागची हलली नाही. वरचा बांध पुढच्या जूनची वादळं होईपर्यंत ठेवला आहे, आणि दर दोन महिन्यांनी ट्यूब अर्धा इंच सैल करावी लागते, कारण खोड आता जाड होऊ लागलं आहे.